शिराळ्याची जिवंत नागपूजा: कोर्टाची बंदी उठवायचे मार्ग कोणते आणि ते कुठवर जातात?

श्रावण जवळ आला की मोबाईलवर शिराळ्याचे जुने व्हिडिओ फिरायला लागतात. फणा काढून उभा राहिलेला नाग, समोर मडकं, भोवती गर्दी, मागे हलगीचा कडकडाट. खाली कमेंट ठरलेल्या असतात. एक गट लिहितो, 'आमची परंपरा परत द्या, बंदी उठवा.' दुसरा लिहितो, 'मुक्या जिवाचे हाल बंद करा.' आणि २०२५ पासून तिसऱ्या प्रकारचा मेसेजही दिसतो: 'बंदी उठली, केंद्राने परवानगी दिली.'

यातलं नेमकं खरं काय? न्यायालयाने एखाद्या जिवाला संरक्षण दिलं, तर ते उठवता येतं का? कोण उठवू शकतं? शिराळ्याच्या निमित्ताने हे सगळे मार्ग एकेक करून समजून घेऊ.

थोडक्यात

• नाग पकडायला मनाई आहे ती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याने. मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा आदेश या कायद्यावर उभा आहे.
• २०२५ मध्ये केंद्राने २१ नाग पकडायला दिलेली परवानगी शिक्षणासाठी होती, काही दिवसांपुरती होती. त्याने बंदी उठलेली नाही.
• आदेश उठवायचे चार मार्ग आहेत: त्याच न्यायालयात अर्ज, सर्वोच्च न्यायालयात दाद, कायद्यात बदल आणि कायद्यातल्या सवलतीनुसार परवाना.
• मोर्चा, ग्रामसभेचा किंवा नगरपंचायतीचा ठराव, नेत्याचं भाषण यांपैकी कशानेही न्यायालयाचा आदेश उठत नाही.

शिराळा आणि नाग: हे नातं काय आहे?

शिराळा हे सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेचं तालुक्याचं गाव. पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या पेठ नाक्यावरून आत वळलं की मोरणेकाठी हे गाव लागतं. बत्तीस गावांवरून त्याला 'बत्तीस शिराळा' म्हणतात. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. पुढे गेलं की चांदोलीचं जंगल सुरू होतं.

गावात सांगितली जाणारी आख्यायिका अशी. गोरक्षनाथ भिक्षेसाठी महाजनांच्या दारात आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, त्यामुळे भिक्षा वाढायला उशीर झाला. कारण कळल्यावर नाथांनी तिला विचारलं, 'जिवंत नागाची पूजा करशील का?' आणि मातीचा नाग जिवंत झाला. तेव्हापासून जिवंत नाग पूजायची प्रथा सुरू झाली, असं मानतात.

पूर्वी नागपंचमीच्या आधी काही दिवस तरुणांची मंडळं शिवारात उतरायची. बांध, बिळं, वारुळं धुंडाळून नाग पकडले जायचे आणि मडक्यांत ठेवले जायचे. पंचमीला अंबामातेचं दर्शन, घरोघरी पूजा, मग मिरवणूक. कुणाचा नाग सगळ्यात उंच फणा काढतो, याच्या स्पर्धाही व्हायच्या. सण झाला की नाग परत शिवारात सोडले जायचे. परदेशी पाहुणे आणि वाहिन्यांचे कॅमेरेही यायचे.

गावकरी आजही एक गोष्ट आवर्जून सांगतात: आम्ही गारुडी नाही, नागाचे दात काढत नाही, त्याला देव मानून सांभाळतो आणि जिथून आणला तिथे सोडतो. या वादात गावाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

बंदी नेमकी कुणाची: कोर्टाची की कायद्याची?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण उपाय याच्या उत्तरावर ठरतो.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार अनुसूचीतल्या वन्यप्राण्याची शिकार करायला मनाई आहे. 'शिकार' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते. पण कायद्याच्या कलम २ मधली व्याख्या बरीच मोठी आहे. प्राणी पकडणं, त्याला सापळा लावणं, हुसकावून बाहेर काढणं आणि यापैकी काही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. म्हणजे नागाला ओरखडाही न येता मडक्यात घातलं, तरी कायद्याच्या भाषेत ती शिकार आहे. 'आम्ही मारत नाही' हा बचाव इथे लंगडा पडतो.

कायदा १९७२ चा आणि प्रथा मात्र पुढे कितीतरी वर्षं चालू होती. प्राणिप्रेमींनी न्यायालयात धाव घेतली, ती कायदा अमलात आणा एवढ्याचसाठी. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नाग पकडणं, मिरवणं, त्यांच्या स्पर्धा घेणं थांबलं आणि अंमलबजावणीची जबाबदारी प्रशासनावर आली. तेव्हापासून नागपंचमीच्या आसपास शिराळ्यात वन विभागाची पथकं आणि पोलिसांचा बंदोबस्त असतो. पूजा प्रतिमेची आणि मातीच्या नागाची होते.

पुढे एक बदल झाला, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आधी दुसऱ्या अनुसूचीत असलेला आपल्याकडचा नाग पहिल्या अनुसूचीत गेला. पहिली अनुसूची म्हणजे सर्वांत कडक संरक्षण, वाघाच्या पंक्तीत. म्हणजे बंदी सैल व्हावी ही मागणी गावात वाढत असताना कायद्याचं कवच उलट जाड झालं.

मार्ग पहिला: ज्या न्यायालयाने आदेश दिला, तिथेच जाणं

आधी आदेश अंतरिम आहे की अंतिम, हे पाहावं लागतं.

अंतरिम आदेश म्हणजे खटला चालू असताना दिलेला तात्पुरता आदेश. तो उठवणं तुलनेने सोपं असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ४ नुसार मनाई हुकमाने बाधित झालेला पक्ष तो रद्द करा किंवा बदला, असा अर्ज करू शकतो. उच्च न्यायालयाने रिट याचिकेत दुसऱ्या बाजूला न ऐकता अंतरिम आदेश दिला असेल, तर संविधानाचं कलम २२६(३) मदतीला येतं. बाधित पक्षाने आदेश उठवण्यासाठी अर्ज केला की त्यावर दोन आठवड्यांत निर्णय व्हायला हवा, असं त्यात म्हटलं आहे.

अंतिम निकालाचं तसं नसतं. तिथे पुनर्विलोकनाची, म्हणजे रिव्ह्यूची याचिका करता येते. पण त्याची कारणं मोजकी आहेत: निकालात उघड दिसणारी चूक, किंवा पुरेशी काळजी घेऊनही आधी हाती न आलेला नवा पुरावा. 'निकाल आम्हाला पटला नाही' हे कारण चालत नाही. मुदतही साधारण ३० दिवसांची असते. उशीर माफ होऊ शकतो, पण उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं.

उरतो एक मुद्दा: परिस्थिती बदलली आहे, म्हणून आदेशात बदल करा. संरक्षणाचे आदेश उठवताना हे तत्त्व सगळीकडे दिसतं. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचंच बघा. त्यातला संरक्षण आदेश पीडित महिलेने स्वतः अर्ज करेपर्यंत लागू राहतो आणि कलम २५(२) नुसार परिस्थिती बदलली असेल तर दंडाधिकारी तो बदलू किंवा रद्द करू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं की हा बदल मूळ आदेशानंतर झालेला असला पाहिजे. जुनंच भांडण नव्याने उकरून काढता येणार नाही.

हीच कसोटी शिराळ्याला लावली तर काय दिसतं? २०१४ नंतर खरंच बदल झाला, पण तो नागाच्या बाजूने. संरक्षण वाढलं. त्यामुळे उच्च न्यायालयात जाऊन 'परिस्थिती बदलली' म्हणणं गावाला उलट महागात पडू शकतं.

मार्ग दुसरा: सर्वोच्च न्यायालय

उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध संविधानाच्या कलम १३६ खाली विशेष अनुमती याचिका करता येते. तिची नेहमीची मुदत ९० दिवसांची. नावातच 'विशेष अनुमती' आहे, कारण ही याचिका ऐकायलाच हवी असं बंधन सर्वोच्च न्यायालयावर नाही.

इथे गावाला सुचणारा पहिला युक्तिवाद धर्मस्वातंत्र्याचा. संविधानाचं कलम २५ धर्माचं पालन करायचं स्वातंत्र्य देतं. पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहूनच. शिवाय एखादी प्रथा धर्माचा आवश्यक भाग आहे का, हे न्यायालयं तपासतात. १९५८ मध्ये बकरी ईदला गाईची कुर्बानी द्यायच्या हक्काचा प्रश्न आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती धर्माने बंधनकारक केलेली नाही, पर्याय उपलब्ध आहेत, असं म्हटलं होतं.

शिराळ्याला हाच प्रश्न विचारला जाणार: जिवंत नागाशिवाय नागपंचमी होऊ शकत नाही का? महाराष्ट्रभर ती पाटावर काढलेल्या नागाची आणि वारुळाची पूजा करून होते. आणि गावाच्या स्वतःच्या आख्यायिकेतही ती बाई आधी मातीचाच नाग पूजत होती. न्यायालयात हा मुद्दा गावाच्या विरोधात सहज वापरला जाऊ शकतो.

वारं कुठल्या दिशेने आहे हे शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात दिसलं. नांदणीच्या मठातली महादेवी उर्फ माधुरी हत्तीण जामनगरच्या वनतारा केंद्रात पाठवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. मठ सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथे त्याच महिन्यात तो आदेश कायम राहिला. धार्मिक कार्यासाठी हत्तीण वापरण्याच्या हक्कापेक्षा तिचं आरोग्य महत्त्वाचं ठरलं.

मार्ग तिसरा: कायदाच बदलणं

'मग बैलगाडा शर्यत कशी सुरू झाली?' शिराळ्याच्या पोस्टखाली हा प्रश्न हमखास असतो. प्रश्न रास्त आहे, कारण सांगली-साताऱ्याच्या लोकांनी हा प्रवास डोळ्यांनी पाहिला आहे.

• ७ मे २०१४: सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली.
• २०१७: महाराष्ट्र विधिमंडळाने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली.
• १६ डिसेंबर २०२१: सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना वाट मोकळी केली.
• १८ मे २०२३: पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटकच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

म्हणजे बंदी उठायला नऊ वर्षं लागली आणि ती उठली विधिमंडळामार्गे. विधिमंडळ 'न्यायालयाचा निकाल आम्हाला मान्य नाही' असा कायदा करू शकत नाही. पण निकाल ज्या कायद्यावर उभा आहे, तो कायदा बदलू शकतं. पाया बदलला की निकालही त्या जागी उभा राहत नाही. घटनापीठाने आणखी एक गोष्ट सांगितली: एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवायला विधिमंडळ ही जास्त योग्य जागा आहे.

नागासाठी हे करता येईल का? कागदावर येईल. वन्यप्राणी आणि पक्ष्यांचं संरक्षण हा विषय समवर्ती सूचीत आहे. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदा करू शकतात. राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर कलम २५४(२) नुसार राष्ट्रपतींची संमती लागते. दुसरा पर्याय म्हणजे केंद्राने कलम ६१ खाली अधिसूचना काढून नागाची अनुसूचीतली जागा बदलणं.

पण बैल आणि नाग यांत मोठा फरक आहे. बैल पाळीव आहे, त्याचा मालक असतो, शर्यत संपली की तो गोठ्यात जातो. त्याच्या बाबतीत प्रश्न क्रूरता किती, एवढाच होता आणि नियम घालून ती कमी करता येते असा दावा करता आला. नाग वन्यप्राणी आहे. त्याला रानातून उचलणं हाच मूळ गुन्हा आहे. शिवाय शिराळ्यासाठी अपवाद केला, तर उद्या प्रत्येक गाव आपापल्या प्राण्यासाठी अपवाद मागेल, ही भीती कायदा करणाऱ्यांना असणारच.

मार्ग चौथा: कलम १२ चा परवाना

२०२५ मध्ये जे घडलं ते या मार्गाने.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या प्रचारात केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांनी शिराळ्याच्या सभेत नागपंचमीचं जुनं रूप परत आणू, असं आश्वासन दिलं होतं. पुढच्या जुलैमध्ये, २९ तारखेच्या नागपंचमीच्या तोंडावर, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २१ नाग पकडायला परवानगी दिली. मुदत होती २७ ते ३१ जुलै.

परवानगी कशासाठी? पारंपरिक ज्ञान आणि शिक्षणासाठी. पूजेसाठी नाही. हा शब्द असाच पडलेला नाही. कायद्याच्या कलम १२ मध्ये मुख्य वन्यजीव रक्षक वन्यप्राणी पकडायचा परवाना देऊ शकतात, पण ठरावीक कारणांसाठीच: शिक्षण, वैज्ञानिक संशोधन, वैज्ञानिक व्यवस्थापन, मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयं आणि वस्तुसंग्रहालयांसाठी नमुने गोळा करणं, आणि औषधासाठी सापाचं विष काढणं. या यादीत पूजा नाही, मिरवणूक नाही, स्पर्धा नाही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. नाग तिथे गेल्यामुळेच शिराळ्याची फाईल दिल्लीला जावी लागली.

म्हणून 'बंदी उठली' हे वाक्य चुकीचं आहे. बंदी होती तिथेच राहिली. कायद्याने आधीपासून ठेवलेली एक खिडकी २१ नागांपुरती, पाच दिवसांपुरती उघडली. नागांना इजा होऊ नये आणि नंतर त्यांना निसर्गात परत सोडावं, या अटी होत्या.

ही खिडकी दर वर्षी उघडेल का? दर वेळी नवा अर्ज, नवी कारणं, नवी परवानगी लागते. आणि परवाना शिक्षणासाठी असेल, तर खरंच शिक्षण झालं का, हा प्रश्न कुणीही न्यायालयात विचारू शकतं. शिक्षणाच्या नावाखाली जुनीच मिरवणूक निघाली, तर ही खिडकीही बंद व्हायचा धोका आहे.

नागाच्या बाजूने काय सांगता येईल?

नागाला बाहेरचे कान नसतात. तो पुंगीवर किंवा हलगीवर डोलत नाही. समोरची हालचाल आणि जमिनीतली कंपनं त्याला जाणवतात आणि फणा ही त्याची घाबरल्याची, सावध झाल्याची खूण असते. ज्याला आपण 'दर्शन' म्हणतो, तो त्याच्यासाठी इशारा असतो. दूध हे त्याचं अन्न नाही. उंदीर, बेडूक खाणारा हा प्राणी आहे, म्हणूनच शेतकऱ्याचा मित्र.

वेळही नाजूक आहे. नागीण साधारण एप्रिल ते जुलै या काळात अंडी घालते आणि अंड्यांजवळ थांबून राखण करते. पिल्लं बाहेर यायला पन्नास-साठ दिवस लागतात. म्हणजे नागपंचमीआधीची बिळं धुंडाळण्याची मोहीम नेमकी या दिवसांत येते. नाग धडधाकट परत सोडला तरी मधल्या दिवसांत मागे अंड्यांचं काय झालं, हे मडक्यावरून कळत नाही.

गावाची बाजूही हलकी समजू नये. सापाला बघताक्षणी काठी उचलणाऱ्या समाजात एका गावाने पिढ्यान्‌पिढ्या नाग न मारता हाताळला, त्याची बिळं ओळखली, सवयी शिकल्या. हे ज्ञान सण थांबल्यावर हळूहळू विरेल, ही खंत खोटी नाही. कलम १२ चा खरा उपयोग करायचा तर तो इथेच आहे: साप ओळखणं, सर्पदंश झाल्यावर काय करायचं, घरात निघालेला साप सुरक्षित कसा सोडायचा, हे शिकवण्यासाठी.

रील टाकण्याआधी हे वाचा

• परवान्याशिवाय नाग पकडणं, गळ्यात घालणं, डब्यात ठेवणं हा गुन्हा आहे. कलम ५१ नुसार पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.
• तुम्ही स्वतः टाकलेला व्हिडिओ तुमच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकतो.
• न्यायालयाचा आदेश माहीत असून मुद्दाम मोडला, तर अवमानाची कारवाई वेगळी होऊ शकते. त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.
• जुना व्हिडिओ 'यंदाची शिराळ्याची नागपंचमी' म्हणून पुढे पाठवू नका. गावातल्या पोरांवर विनाकारण संशय येतो.
• घरात किंवा शेतात साप निघाला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

मग पुढे काय?

ज्यांना जिवंत नागपूजा पूर्वीसारखी परत हवी आहे, त्यांच्यासाठी खरी वाट उच्च न्यायालयाच्या पायऱ्यांवरून जात नाही. ती संसदेतून किंवा विधिमंडळातून जाते, राष्ट्रपतींच्या संमतीपर्यंत पोचते आणि तिथून पुन्हा न्यायालयात तपासली जाते. बैलगाड्याला नऊ वर्षं लागली. नागासाठी चढ त्याहून मोठा आहे. कुणी 'पुढच्या पंचमीला बंदी उठवून देतो' म्हणालं, तर त्याला एकच प्रश्न विचारा: यापैकी कुठल्या मार्गाने?

आणि ज्यांना नाग रानातच राहावा असं वाटतं, त्यांनीही निश्चिंत राहू नये. न्यायालयाचा आदेश कायद्यावर टेकलेला आहे आणि कायदा बदलता येतो. कलम १२ खाली पुढचा अर्ज आला, तर त्यात 'शिक्षण' या शब्दापुढे काय लिहिलं आहे आणि प्रत्यक्षात काय झालं, हे माहिती अधिकारात मागता येतं. सण शिराळ्याचा असला तरी त्या कागदावर नजर ठेवायचा हक्क सगळ्यांचा आहे.